कमरेला काय लावायचं, सांगा!

...आणि वर मलाच म्हणतात, "व्हर्जिल फेकतो!" अहो, तुम्हाला सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, अगदी हात वर करून सांगतो! म्हणजे... शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील, माझ्या तोंडचे तर मी नंतर बरेच सुधारून घेतलेत, पण तेवढं सोडलं तर सगळं खरं!

बायको म्हणाली होती, "नवं रिव्हॉल्व्हर हवंय ना? घे. पण रोज कमरेला लावशील असलं घे. आहेत ती खणात तुझे मोजे राखत बसलीयेत." आता अर्लीन स्वतःच्या तोंडाने 'घे' म्हणते, हे आमच्या टेक्सासात पाऊस पडण्याइतकंच दुर्मीळ! बंदुकवाल्याने दोन-तीन तऱ्हेची संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवलेली. सरळ जाऊन त्यातलं एक आणावं की नाही? पण नाही! म्हटलं, वाटेत ओडेलच्या गुरांच्या खाद्याच्या दुकानात डोकवावं, डॉमिनो खेळणाऱ्या मंडळींचा सल्ला घ्यावा...

"कमरेला काय लावायचं, सांगा!" एवढंच म्हणालो हो मी!

रॉइसने हातातले डॉमिनो आपटलेच. जन्मभर तेलविहिरी खोदल्यात त्याने, यंत्रावर ओरडायची सवय अजून गेली नाही. "चार इंची नळी! पोलाद! सहा गोळ्या! हातात घेतल्यावर काहीतरी घेतलंय असं वाटलं पाहिजे!"

"आणि पँट कोण धरणार, तुझा बाप?" हा डेल्बर्ट, वाळक्या काटकीसारखा, नाकातून बोलतो. "चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिलास तेव्हा काय खाली आलं, ते अख्ख्या गावाने पाहिलंय, लेका! दोन इंची घ्यावं, हलकंफुलकं, घोडा आत लपलेला, शर्टात अडकायला नको! पाच गोळ्या पुष्कळ झाल्या."

"पाचच?"

"पाचांत जमलं नाही तर सहावीने काय दिवे लावणार आहेस?"

"अरे, तुझं ते खेळणं उडवलं की मनगट आधी निखळतं!"

"उडवायचं कधी असतं, म्हाताऱ्या? बाळगायचं असतं!"

मी म्हटलं, मग तीन इंची, मधलं! झालं, दोघे मिळून माझ्यावर! "ना धड लपणार, ना धड नेम लागणार!" तेवढ्यात ओडेल गल्ल्यावरून ओरडला, "पोटाशी लावा, पटकन निघतं!" "ओडेल, तुझ्या पोटाशी जागा उरलीय का?" अहो, काय रंगलं होतं म्हणून सांगू! मी उभा राहून भाषण ठोकतोय, कॉफी सांडतेय, कमरेला काय लावायचं, सांगा...

आणि पोत्यांमागून आवाज आला. खर्रर्रर्र!

खुळखुळ्या साप! मनगटाएवढा जाड, लांबी माझ्या ट्रकएवढी! बरं, अर्ध्या ट्रकएवढी! माझ्या बुटापासून वीतभर! सगळ्यांचे हात कमरेकडे गेले... आणि तिथेच राहिले.

"ट्रकमध्ये आहे," रॉइस पुटपुटला, "बसलं की बरगडीत घुसतं रे."

"उकाड्यात घामाने गंजतं," डेल्बर्ट म्हणाला.

ओडेलचं गल्ल्यात, गल्ल्याला कुलूप, किल्ली घरी बायकोकडे. आणि माझं? मोज्यांत!

अर्लीन कोंबड्यांचं खाद्य न्यायला आली होती, कधीपासून मागे उभी होती कोण जाणे. तिने रिकामा टब उचलला, सापावर पालथा घातला आणि त्यावर ऐसपैस बसली...

हे बघा, असं बघू नका माझ्याकडे. ठीक आहे, साप मी घातला. साप नव्हता, टबही नव्हता. बाकी सगळं खरं. अर्लीन मागे उभी राहिली, आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आत्ता, या घडीला कोणाच्या कमरेला काय आहे? शर्ट वर करा बघू."

चार शर्ट वर झाले. चार पोटं दिसली. दुसरं काही दिसलं नाही.

तिथूनच तिने बंदुकवाल्याला फोन लावला, "ती बाजूला ठेवलेली दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

आता तुम्हीच सांगा, बायकोच्या एका प्रश्नाने चौघांना गार केलं, असं चारचौघांत सांगत फिरू? माणसाने मधे एखादा सापसुद्धा घालू नये का?