निनावी डोकं

(एमआरआय वाचायची खोली. दादा विभागप्रमुख, धाकटी त्याची बहीण, दोघंही रेडिओलॉजिस्ट.)

दादा : ते शेवटचं डोकं कोणत्या ढिगात टाकलंस?

धाकटी : या अभ्यासाचा नियम तूच केलास ना? नावं झाकायची, मेंदूत पसरलेल्या गाठी बघायच्या, उपचार लागू पडतील की नाही ते लिहायचं. मधे बोलायचं नाही.

दादा : आज बोल.

धाकटी : चांगल्या ढिगात. तीनच गाठी, लहान. भोवतीची सूजही बेताची. रेडिएशन दिलं तर माणूस काही वर्षं काढेल. स्कॅन वाचणाऱ्या तुझ्या कॉम्प्युटर प्रोग्रामने मात्र सरळ वाईट ढिगात टाकलंय. हसतोस काय?

दादा : पेशंट ओळखीचा आहे. महाबावळट. जन्मभर लोकांच्या डोक्यात डोकावला आणि स्वतःचं दुखायला लागलं तर चष्म्याचा नंबर बदलून आला. दोनदा.

धाकटी : दादा.

दादा : खोकल्याचं खापर एसीवर फोडलं. फुफ्फुसातला कॅन्सर डोक्यापर्यंत पोचला तरी पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धाकटी : दादा, थांब. ते डोकं तुझं आहे?

दादा : आतून बरं आहे, असं तूच म्हणालीस. बाहेरून कधी म्हणाली नाहीस.

धाकटी : अशा वेळी तुला थट्टा सुचतेय. मला आधी का नाही सांगितलंस?

दादा : नाव बघून तू रडत रडत चांगलंच सांगितलं असतंस. मला न रडता सांगितलेलं हवं होतं. म्हणून स्वतःच्याच अभ्यासात चोरून घुसलो. आता ती सगळी आकडेवारी बाद.

धाकटी : खड्ड्यात गेली आकडेवारी.

दादा : बरं, मग एवढं सांग. रेडिएशन घेऊ, की गप घरी बसू? कोणाचं खरं मानायचं, तुझं की प्रोग्रामचं?

धाकटी : मी खोटं नाही बोलणार. प्रोग्राम माझ्यापेक्षा कमी चुकतो.

दादा : बनवला कोणी?

धाकटी : तू.

दादा : म्हणजे ज्याला स्वतःचा खोकला कळला नाही, त्याने. तुझंच ऐकतो. घेऊ रेडिएशन.

धाकटी : घ्यायचंच. मी येईन रोज बरोबर.

दादा : रोजचं राहू दे. आत्ता घरी चल. तुझ्या वहिनीला सांगायचंय, आणि तिच्यासमोर मला एकही विनोद सुचणार नाही.