मंगळवारची गोळी

(सकाळचे दहा. लाइट गेल्यामुळे गल्लीतले कापडाचे लूम बंद आहेत. स्वयंपाकघरात सासू-सून भिजवलेले वाल सोलत बसल्यात. कुकरची शिट्टी होते.)

धोंडूबाई: तीन झाल्या. उठ, बंद कर.

मनाली: दोनच झाल्यात, आई.

धोंडूबाई: तीन. तू मोजत न्हवतीस, मी मोजत होती. मी आजकाल सगळं मोजते.

मनाली: म्हणजे?

धोंडूबाई: आधी गॅस बंद कर. मंग सांगते.

मनाली: केला. बोला.

धोंडूबाई: तुझं गोळ्यांचं पाकीट दहाचं. रोज सकाळी एक. म्हणजे दहा दिवसांनी रिकामं पाकीट कचऱ्यात आलं पायजे. बरोबर हाय का माझं?

मनाली: तुम्ही माझा कचरा बघता?

धोंडूबाई: ओला-सुका वेगळा कोण करतं या घरात? तुझा नवरा? मला दिसतं. आणि ते पाकीट दहा दिवसांनी येत न्हाय, सतरा-अठरा दिवसांनी येतं. मी शाळेत न्हाय गेली, पण दहा कुठं आणि अठरा कुठं, येवढं कळतं मला.

मनाली: अहो, विसरते मी कधीतरी.

धोंडूबाई: तू? माझी बीपीची गोळी तू इसरत न्हायस. पोरीचा डोस इसरत न्हायस. त्या शेजारच्या रीमाकडून आपण वाटीभर साखर आणली होती, ती तिला आठवत न्हवती, तू नेऊन दिलीस. तू इसरणारी न्हायस.

मनाली: वाल सोला ना, आई.

धोंडूबाई: सोलते. माझे हात आणि तोंड बरोबर चालतात. आज चार वाजता डॉक्टरीणबाईकडे जायचंय. मागच्या टायमाला ती काय बोलली ते माझ्या देवेशनं सांगितलं मला. दोन महिने झाले, म्हणावा तसा फरक न्हाय, आता पुढच्या वेळी गोळी वाढवू. हेच ना?

मनाली: हेच.

धोंडूबाई: मंग तिला तू बोललीस का, की जी दिलीय तीच मी धड घेत न्हाय?

मनाली: घेते. आठवड्यातले चार दिवस घेते.

धोंडूबाई: आणि बाकीचे तीन?

मनाली: सोमवार, मंगळवार, शुक्रवार. उपास असतो.

धोंडूबाई: उपास हाय ते मला काय सांगतेस? साबुदाणा मीच भिजवते. खिचडी खायची, वर गोळी घ्यायची. उपासाचा आणि गोळीचा काय संबंध?

मनाली: खिचडी मी नाही खात. दिशाला देते.

दिशा: आजी, मला आज पण खिचडी?

धोंडूबाई: तू बाहेर चित्र काढ बघू. तरीच. तरीच ही पोर अशी गोलगोल झालीय. मला वाटलं, मी दृष्ट काढते त्याचा गुण. मनाली, मंग तू खातेस काय दिवसभर?

मनाली: कडक धरते. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत पाणीसुद्धा नाही. गोळी नाश्त्यानंतर घ्यायची असं लिहून दिलंय. नाश्ताच नाही, तर गोळी कधी घेणार?

धोंडूबाई: तुला कडक धरायला सांगितलं कुणी?

मनाली: कुणी नाही. माझं मीच. आई, एकीकडे देवीला म्हणायचं तू मला बरं कर, आणि दुसरीकडे रोज सकाळी गोळी गिळायची, हे बरं दिसतं का? ती म्हणेल, बाई, तुझा भरवसा नक्की कुणावर ते एकदा ठरव.

धोंडूबाई: असं ती बोलली तुला?

मनाली: कोण?

धोंडूबाई: देवी. मी साठ वर्षं हात जोडतेय, माझ्याशी तर कवा न्हाय बोलली. बीकॉम झालेल्या बायकांशी बोलत असेल.

मनाली: हसू नका हो.

धोंडूबाई: हसत न्हाय. बरं, थोडी हसली. बोल तू पुढं.

मनाली: तुम्ही चिडाल.

धोंडूबाई: मी चिडली की तुला आधी कळेल. भांडी वाजतील. बोल.

मनाली: दिशाच्या वेळी मी मनात बोलले होते. सगळं सुखरूप झालं तर वज्रेश्वरीला येऊन ओटी भरीन. मागाहून तुम्हाला पण सांगितलं होतं, आठवतं? मग लॉकडाऊन आलं, देऊळच बंद. उघडलं तेव्हा हिला ताप. मग यांची राहनाळच्या गोडाऊनला रात्रीची ड्युटी लागली. मग राहूनच गेलं. पाच वर्षं झाली. आणि मग हे सुरू झालं माझं. झोप नाही, जेवणाला चव नाही, पोरगी हाक मारतेय आणि मला ओ द्यायचा कंटाळा. आता तुम्हीच सांगा, हे दुसरं कशामुळे असणार?

धोंडूबाई: अजून काय हाय? पोटात ठेवू नको.

मनाली: उपासाच्या दिवशी डोक्यात कसंतरी होतं. झिणझिण्या येतात, आत वीज चमकल्यासारखं. उठले की घेरी येते. मला वाटतं, देवी जवळ आलीये. अजून थोडे दिवस नेटाने धरलं तर सोडेल मला.

धोंडूबाई: हे त्या बाईला सांगितलंस?

मनाली: देवाचं त्यांना काय सांगायचं?

धोंडूबाई: बघ बाई. दोन दिवस गोळी खाल्ली, एक दिवस बंद, परत चालू, परत बंद, आणि पोटात पाणी पण न्हाय. आपला लूमवाला तरी असं मशीन चालू-बंद करतो काय? धागा तुटतो त्याचा. तुझ्या डोक्यात देवी न्हाय आली. हे डॉक्टरीणबाईला सांग, आजच सांग. आणि ओटीचं म्हणशील तर ती भरली.

मनाली: काय?

धोंडूबाई: भरली. देऊळ उघडलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तू पोरीला घेऊन माहेरी होतीस. मी एसटीनं गेली, गणेशपुरीला उतरून गरम पाण्याच्या कुंडावर पाय पण शेकून आली. हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सगळं. तुझं नाव घेऊन भरली.

मनाली: मला कधी बोलला नाहीत तुम्ही.

धोंडूबाई: तू इचारलं कवा? नारळ दिला की तुझ्या हातात. बोलली, देवीचा हाय.

मनाली: तो नारळ? आई, त्याची मी इडलीची चटणी केली.

धोंडूबाई: मला माहीत हाय. मी पण खाल्ली. मीठ कमी होतं.

मनाली: पण मी बोललेलं तुम्ही फेडलेलं चालतं?

धोंडूबाई: का न्हाय चालत? पाण्याच्या टँकरला नंबर मी लावते, हंडा तू भरून आणतेस. टँकरवाला अडवतो काय, की नंबरवाली बाई वेगळी होती म्हणून?

मनाली: म्हणजे पाच वर्षं मी उगीच...

धोंडूबाई: रडतेस काय?

मनाली: नाही. वाल फुटला, डोळ्यात उडालं.

धोंडूबाई: वालाचं पाणी डोळ्यात जातं हे मी पयल्यांदा ऐकते. रड, रड. ते वालाचं ताट बाजूला घे फक्त.

मनाली: मग हे झालं कशामुळे, आई? मी कुणाचं काही वाईट केलं नाही.

धोंडूबाई: मंग मी कुणाचं केलं? मला बीपी कशामुळे हाय? होतं. तुला माझी चंद्रा माहीत न्हाय.

मनाली: फोटो बघितलाय. तुमची धाकटी बहीण ना? लग्नातल्या फोटोत, तुमच्या मागे उभी.

धोंडूबाई: तीच. लई बोलकी. नदीवर धुवायला गेली की पलीकडच्या काठावरच्या बायका हसायच्या. दुसरं पोर झालं आणि गप्प झाली. मागच्या पडवीत बसायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पोरं रडली तरी उठायची न्हाय. सासरचे बोलले, बाहेरचं हाय. भगत आणला. त्यानं कोंबडा मागितला. मंग दुसरा मागितला. दोन वर्षांत सात कोंबडे खाल्ले त्यानं. तो असा फुगला, जिन्यावर चढताना धापा टाकायचा, आणि चंद्रा अशी झाली, तुझ्या मनगटासारखी.

मनाली: आणि तुम्ही?

धोंडूबाई: सातवा कोंबडा माझा होता. लाल तुऱ्याचा, चांगला तीन किलोचा. माझाच भरवसा सगळ्यांत जास्त.

मनाली: मग?

धोंडूबाई: मंग राह्यली न्हाय ती. पुढचं मी तुला न्हाय सांगत, आज न्हाय. येवढंच सांगते, भगताला सगळ्यांनी इचारलं हिला काय झालंय. तिला कुणी इचारलं न्हाय. मी पण न्हाय इचारलं.

मनाली: आई, पाणी देऊ?

धोंडूबाई: नको. म्हणून तू भिंतीकडं तोंड करून झोपायला लागलीस ना, तवा तिसऱ्या दिवशी मी देवेशला बोलली, गाडी काढ आणि हिला ने.

मनाली: तुम्ही? मला वाटलं यांना स्वतःहून सुचलं.

धोंडूबाई: त्याला? कुठला ट्रक कुठल्या गाळ्याला लागलाय ते त्याला झोपेत पण इचार. घरातलं माणूस किती दिवस जेवलं न्हाय, ते न्हाय कळत. चांगला हाय पोरगा माझा, पण गोडाऊनवाला हाय.

मनाली: मला वाटायचं तुम्हाला या गोळ्या आवडत नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही पाकीट उलटंपालटं करून बघत होतात.

धोंडूबाई: आवडायला ते काय पेढे हायत? घाबरली होती मी. कोण काय काय बोलतं, झोपेच्या असतात, सवय लागते. मंग मी माझ्या बीपीच्या गोळीचं करते तेच तुझ्या पाकिटाचं केलं. देवीच्या फोटोपुढं ठेवलं आणि बोलली, आई, हे तुझ्याच पोरीसाठी हाय, लक्ष ठेव. माझी गोळी तर रोज तिच्यापुढं असते. आधी तिला दाखवायची, मंग पाणी.

मनाली: मला वाटायचं, विसरायला नको म्हणून तिथे ठेवता.

धोंडूबाई: ते पण हाय. आता उठ. भात झालाय, कालची आमटी हाय. चार घास खा.

मनाली: आज मंगळवार आहे, आई. आजचा तरी...

धोंडूबाई: मंगळवार आजपासून माझा. सोमवार आणि शुक्रवार पण. तुझ्याकडून काढून घेतले.

मनाली: तुम्हाला बीपी आहे. उपाशी राहून चालणार नाही.

धोंडूबाई: उपाशी कोण राहतंय? मी तुझ्यासारखी खुळी न्हाय. शेंगदाण्याचा कूट घालून दोन वाट्या खिचडी खाणार, एक केळं, आणि चहा येईल तितक्या वेळा. माझा उपास कसला असतो ते देवीला चांगलं माहीत हाय. तिनं कवा तक्रार न्हाय केली.

मनाली: आणि तिला राग आला तर?

धोंडूबाई: तर माझ्यावर येईल, मी तिच्याशी बोलीन. आम्ही दोघी जुन्या हाव. तू खा.

मनाली: वाढा मग. थोडंच.

धोंडूबाई: थोडंच वाढलंय. हे थोडंच हाय. लोणचं घे.

मनाली: आमटी आज बरी लागतेय.

धोंडूबाई: शिळी झाली की लागते. बघ, चव कळतेय म्हणजे. आता गोळी आण. कुठं ठेवतेस?

मनाली: कपाटात, साड्यांच्या खाली.

धोंडूबाई: चोरीचा माल हाय काय? माझ्या डबीशेजारी ठेव आजपासून, फोटोपुढं. मला कचऱ्यात बघायला लावू नको, कंबर दुखते. आणि चार वाजता मी पण येते. गाडीवर तिघं न्हाय बसत, मी रिक्षानं येईन. चार दिवस आणि तीन दिवस, डोक्यातली वीज, सगळं बोलायचं. तू न्हाय बोललीस तर मी बोलणार, आणि मी सुरू झाली की तुला माहीत हाय.

मनाली: मीच बोलेन. तुम्ही फक्त बाजूला बसा.

धोंडूबाई: बसते. गप बसायला पैसे पडत न्हायत. पाणी घे. गिळलीस?

मनाली: गिळली.

धोंडूबाई: जीभ दाखव.

मनाली: आई, मी काय दिशा आहे का?

धोंडूबाई: दिशा खिचडी खाते तरी. बरं, राह्यलं. ऐक, आली लाइट, लूम सुरू झाले. आता कान किटतील परत.

दिशा: मम्मी, झालं माझं. बघ ना.

मनाली: बघू. अरे वा, आपलं घर. हा टीव्ही, हे पप्पा, हे पप्पांचं हेल्मेट. आजी कुठंय?

दिशा: ही. तिच्या हातात कचऱ्याचा डबा आहे.

धोंडूबाई: शाळेत दाखवणार हे? दाखव, दाखव.

मनाली: आणि ही पलंगावर कोण?

दिशा: तू. तेव्हाची, तू बोलायची नाहीस तेव्हाची. हे तुझे केस, ही तुझी पाठ. आणि ही भिंत, ती रिकामी राहिलीये.

मनाली: मग रंगव की. पिवळी रंगव.

दिशा: पिवळी नाही. तू किती वेळ तिकडेच बघायचीस ना, म्हणून मी विचारायला आले. मम्मी, तिथं काय होतं?