पाळणा टिंब घर

अधिकारी : एकेकीनं बोला. नाव एक, मागणाऱ्या दोघी. इंटरनेटवरचा पत्ता काही अर्धा अर्धा कापून देता येत नाही.

बाई : माझं सांगून झालंय. ‘पाळणा टिंब घर’ हे नाव मी आठ वर्षांपूर्वी तुमच्याच संस्थेकडे नोंदवलं. तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘घर’ लावायला जगात कुठं परवानगीच नव्हती. आता ती मिळाली, तर म्हणे पुन्हा रांगेत या!

नर्स : पण साहेब, आठ वर्षांपूर्वी मी शिकत होते. मला कोण सांगणार होतं? आधीच्यांनी चांगली नावं उचलायची आणि आम्ही उरलंसुरलं घ्यायचं का?

बाई : चांगली नावं नाही हो सिस्टर, एकच नाव. माझं पाळणाघर आहे, म्हणून पाळणा.

अधिकारी : बाई, तुम्ही एकच घेतलंत. बाहेर बाकावर ते टायवाले बसलेत ना, त्यांनी पुढं विकायला चारशे घेतलीत. आधीच्या नोंदी मानल्या की तेही हात पुढे करणार. ही पहिली सुनावणी आहे. इथं ठरेल तेच सगळ्यांना लागू.

नर्स : म्हणूनच म्हणते, जुनं सगळं पुसून टाका. एका नावाला दोघं आले, तर चिठ्ठ्या टाका.

बाई : आणि माझी पाटी? इतकी वर्षं दारावर तो पत्ता रंगवलाय. आईबाप फोनवर टाकायचे, काहीच उघडायचं नाही. एक बाप म्हणाला, “बाई, तुमच्या घराला दारच नाही की!” सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

नर्स : चालत नव्हतं, तर सोडलं का नाही?

बाई : यांच्याच संस्थेची पोरं आली होती माझ्याकडे. म्हणाली, “नाव नोंदवा, म्हणजे लोकांना हे हवंय असं परवानगी देणाऱ्यांना दाखवता येईल. परवानगी मिळाली की नाव तुमचंच.” विचारा साहेबांना.

अधिकारी : खरं आहे. इतक्या जणांनी आधीच विश्वास टाकलाय, असं आम्ही अर्जात लिहिलं. त्या जोरावरच परवानगी मिळाली.

नर्स : हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे यांच्या खांद्यावर उभं राहून तुम्ही वर चढलात. आणि ते टायवाले? त्यांनी कधी नोंदवली?

अधिकारी : परवानगी मिळणार अशी बातमी फुटली, त्या आठवड्यात.

नर्स : मग अडलंय कुठं? काही हाती लागेल की नाही हे माहीत नसताना जे तुमच्याबरोबर राहिले, त्यांना दिलेला शब्द पाळा. बातमी ऐकून धावत आले, ते माझ्यासारखेच. त्यांना आमच्याबरोबर चिठ्ठ्यांत घाला.

अधिकारी : सिस्टर, या हिशेबानं तुमच्या हातून नाव जातंय. कळतंय ना?

नर्स : कळतंय. थांबा, लिहू नका... नाही, लिहा. लिहून टाका, नाहीतर माझं मन फिरेल.

(अधिकारी लिहायला घेतो. दोघी खोलीबाहेर व्हरांड्यात येतात.)

बाई : कशाला हवं होतं गं तुला ते?

नर्स : आम्ही रात्रपाळीच्या काही जणी आहोत. पाळणाघरं संध्याकाळी बंद होतात, मग मुलं ठेवायची कुठं? आळीपाळीनं एकमेकींची सांभाळतो. चटकन सापडेल असं नाव असतं, तर आणखी जणी आल्या असत्या. जागा बघता आली असती.

बाई : तुझं लेकरू?

नर्स : मुलगी, तीन वर्षांची. माझ्या रात्रपाळीला सांभाळायला कुणी मोकळी नसायची, म्हणून तिला आईकडे ठेवलंय, दुसऱ्या शहरात. सुट्टीला जाते. परवा मला “मावशी” म्हणाली.

बाई : ...अगं बाई.

नर्स : चुकून म्हणाली. लगेच सुधारलंसुद्धा.

बाई : हे बघ. माझी जागा संध्याकाळनंतर रिकामी पडते. गाद्या आहेत, शेगडी आहे. रात्री जागणं मला जमायचं नाही, पण तुम्ही आळीपाळीनं जागताच आहात, तर तिथंच जागत बसा.

नर्स : आणि नाव?

बाई : नाव माझंच! त्यासाठी इतकी वर्षं हसं करून घेतलंय. पण पान उघडलं की पहिली ओळ तुमची, रात्रीच्या मुलांची. ती तूच लिहायची, मला ते बटणं दाबणं जमत नाही.

नर्स : आत तर माझ्याकडे बघायलाही तयार नव्हतात.

बाई : आत तू माझं नाव न्यायला आली होतीस. बरं, तुझ्या लेकीला झोपताना अंधार लागतो की दिवा?

नर्स : दिवा. अगदी बारीक.

बाई : मग चल, जाता जाता एक घेऊन टाकू.