बेंजोची तार परत चढल्याबाबत

नाव : राजरत्न यशवंत उबाळे. वय : २३ वर्षे. शिक्षण : बारावी, इंग्रजी राहिलंय. धंदा : ठरावीक नाही, सध्या मंडप डेकोरेशन. राहणार : आंबिवली स्टेशनजवळ, मावशीकडे.

बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात आलो आहे. विचारलं त्याचं समक्ष उत्तर देतो की,

मी वरील पत्त्यावर राहतो, पण सलग असा राहत नाही. मधे सुरतेला होतो, मधे इगतपुरीला एका हॉटेलात. तिथला मालक माणूस चांगला होता, पण कुत्रे फार पाळलेले. (विषयावर बोलण्यास सांगितले.) त्याआधी मी टिटवाळ्याच्या बेंजो पार्टीत ताशा वाजवायचो. हळद, जयंती, गणपती, जी सुपारी येईल ती. पार्टीचा बेंजो सहदेव रोकडे वाजवायचे. आम्ही त्यांना सहदेवकाका म्हणायचो.

फिर्यादी हरिहर लेले यांना मी रविवारच्या आधी ओळखत नव्हतो. नौपाड्यात एका हॉलवर जुने बेंजो जमवणाऱ्यांचा आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्यांचा मेळावा होता. आसावरी मॅडम बेंजोवर पीएचडी करतात. त्या मला एका हळदीत भेटलेल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे बेंजो घरी ठेवणारे आहेत, टेम्पोवर वाजवलेला एकही नाही. तू ये." जेवण आहे म्हणाल्या, म्हणून गेलेलो.

हॉलमध्ये लांब टेबलांवर पांढरी चादर घालून बेंजो मांडलेले. जपानी, कलकत्त्याचे, एक तर टाइपरायटरची बटणं लावलेला. माणसं हातमोजे घालून बघत होती. एक काका मला म्हणाले, "हात लावू नको रे, चहा कुठेय तेवढं सांग." मी म्हटलं, "मी पण पाहुणाच आहे, काका." मग आम्ही दोघांनी मिळून चहा शोधला.

शेवटच्या टेबलावर लेले साहेबांचा बेंजो होता. त्याच्या एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण आहे आणि सा च्या बटणावर लाल नेलपॉलिश. ते नेलपॉलिश मंजुळाकाकूंनी, म्हणजे सहदेवकाकांच्या बायकोने लावलंय, टेम्पोवर अंधारात दिसावं म्हणून. लावलं तेव्हा मी तिथे होतो. पुढे चिठ्ठी होती : 'एक बटण स्थानिक दुरुस्तीचे. वादक अज्ञात.'

मी लेले साहेबांना म्हटलं, "अज्ञात नाहीये ओ. सहदेवकाकांचा आहे."

ते म्हणाले, "असेल बाबा. मला कल्याणला भंगारात मिळाला. आला तसा काचेच्या कपाटात ठेवलाय, अजून तारेला बोट लावलेलं नाही. मूळ अवस्था बदलायची नाही, हा आमचा नियम."

आमचा नियम वेगळा होता, तो सांगणं गरजेचं आहे. वाजवून झालं की वाजवणाऱ्याने आधी तार ढिली करायची, मग पाणी प्यायचं. नाहीतर बेंजोची लाकडी पेटी वाकते. तार चढलेली असेल तर माणूस नुसता उठलाय, परत बसणार आहे, असं समजायचं. मग त्या बेंजोला दुसरं कोणी हात लावत नाही. माणूस वारला तर घरच्यांच्या सांगण्यावरून तार उतरवतात.

दोन वर्षांमागे टिटवाळ्याच्या एका हळदीत गाणं रंगात असताना सहदेवकाका थांबले. वाजवायची पट्टी शर्टाच्या खिशात टाकली, "आलो" म्हणाले आणि टेम्पोवरून उतरले. मला वाटलं लघवीला गेले. ते आलेच नाहीत. मिसिंगची तक्रार आहे, काकूंनीच दिलीय. तार चढलेली होती. काकू म्हणाल्या, "कोणी उतरवायची नाही. ठेवलाय तिथेच राहू दे, ते तिथेच येतील." बेंजो टेम्पोत राहिला. पार्टी मोडली, टेम्पो विकला गेला, त्यात बेंजोही गेला.

रविवारी मी तार बघितली तर ती चढलेलीच होती. आसावरी मॅडमनी मोबाईल लावून सूर तपासला. काळी दोन, बरोबर. सहदेवकाका काळी दोनलाच वाजवायचे. मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं न लावता? नाही राहत रे. आपोआप उतरते." तारेवर गंज नव्हता. बोटाला खोबरेल लागलं. लेले साहेब म्हणाले, "मी तेल लावत नाही, तेलाने पॉलिश जातं." सहदेवकाका रोज लावायचे, म्हणून तारा पुसताना माझे हात तेलकट व्हायचे.

मी मंजुळाकाकूंना व्हिडिओ कॉल लावला आणि बेंजो दाखवला. त्यांनी नेलपॉलिशचं बटण जवळून दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "राजू, त्यांना किती दिवस असं ताटकळत ठेवायचं? उतरव."

मी म्हटलं, "काकू, नक्की?"

त्या म्हणाल्या, "परत विचारू नको."

मी खुंट्या फिरवून सगळ्या तारा उतरवल्या. लेले साहेबांची परवानगी घेतली नाही, हे खरं आहे. ते चिडले, मूळ अवस्था गेली म्हणाले. बेंजो पेटीत घालून घरी घेऊन गेले. त्या वेळी तारा लोंबत होत्या, हे आसावरी मॅडमनी पण बघितलंय. त्यात पट्टी नव्हती.

तिथून मी टिटवाळ्याला काकूंकडे गेलो. रात्री तिथेच झोपलो. काकूंनी भाकरी केलेली. ताटं तीन मांडलेली. मी बघितलं तसं त्यांनी एक उचललं आणि म्हणाल्या, "हाताला सवय आहे."

काल सकाळी लेले साहेबांनी कपाट बघितलं तर तार चढलेली होती आणि तारांमध्ये पट्टी खोचलेली होती. कपाटाला कुलूप, चावी त्यांच्याकडे. मी रात्री घरात शिरून तार चढवली असा त्यांचा संशय आहे. मी त्यांचं घर बघितलेलं नाही. मला ताशा येतो, बेंजोला सूर लावता येत नाही.

मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवलेला बेंजो मला दाखवला. तोच आहे. तार चढलेली आहे. पट्टी निळ्या प्लास्टिकची आहे. काकूंच्या साबणाच्या डबीचं झाकण फुटलं तेव्हा काकांनी त्यातून कापलेली. काकांच्या खिशात होती तीच. मी आणलेली नाही. हातात घेतली तर कोमट लागली, खूप वेळ वाजवल्यावर लागते तशी. जबाब लिहिणाऱ्या हवालदार साहेबांना पण धरायला दिली. त्यांनी लगेच खाली ठेवली. वाऱ्याने तार वाजू नये म्हणून पंखा त्यांनीच बंद केला.

मी इथूनच काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता कोणी हात लावू नका. मी चुकले. ते बसले होते रे, मीच उठवलं." त्या यायला निघाल्या आहेत.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, फक्त फिर्यादीत दोन दुरुस्त्या आहेत. तिथे वादक अज्ञात असं लिहिलंय, ते खोडून सहदेव रोकडे लिहावं. त्यापुढे हयात की मयत असं साहेबांनी विचारलं. ते मंजुळाकाकू येईपर्यंत मोकळं ठेवावं. काही लिहायचंच असेल तर 'आलो' म्हणून गेलेत, एवढंच लिहावं.

वाचून दाखवताना मधे एकदा सा वाजला. तेव्हा माझे दोन्ही हात टेबलावर होते. सही करतो.

(सही) राजरत्न उबाळे