फेब्रुवारीची कालवड

— विकायची? नाही हो, विकायला नाही ती. आणि असे तिच्या मागं उभे राहू नका — लाथ मारायची नाही, गुणी आहे, पण शेपटीचा फटका बसला तर चष्मा गेला म्हणून समजा. या, इकडून या. त्या पेटीवर बसा. कात्र्या, ब्रश, दोऱ्या असतात तिच्यात, मजबूत आहे, मी आठवडाभर तिच्यावरच बसतोय आणि माझं वजन तुम्हाला दिसतंच आहे. रिंगणात का नाही म्हणता? सगळ्या गोठ्यातल्या कालवडी तिकडं गेल्या, अंतिम फेरी चाललीय, आणि अशी देखणी कालवड इथं पंख्यापुढं रवंथ करत का बसलीय? हां. सकाळपासून हे विचारणारे तुम्ही अकरावे. बाकीच्या दहांना मी सांगितलं, पाय दुखतोय तिचा. पाय! बघा बरं, खांबासारखे चार पाय आहेत. तुमच्याकडं बघून वाटतं तुम्ही ना आमच्या जातीच्या गाई पाळता ना आमच्यातल्या कुणाला ओळखता — सून दाखवायला घेऊन आली म्हणालात ना, जत्रेसारखं बघायला? मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझ्या पोरीनं बाहेर काढलं तिला. माझ्या स्वतःच्या पोरीनं. माइक हातात घेऊन.

जुनिपर नाव हिचं. आणि पोरीचं ब्रिन. ब्रिन ह्रुस्का — तो वर बोर्ड टांगलाय ना, त्यावर आहे. ऐकलं असेल नाव, लाउडस्पीकरवरून दर दहा मिनिटांनी घेताहेत. ज्युनिअर संघटनेची अध्यक्ष आहे ती. देशभरातली पोरं येतात इथं, नऊ वर्षांपासून एकवीसपर्यंतची, आपापली कालवड घेऊन, आणि ही संघटना पोरंच चालवतात. आठ जणांचं मंडळ. नियम पोरं करतात, तक्रारी पोरं ऐकतात, मोठ्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मला वाटायचं किती छान! माझी पोर तिथं पुढं बसलीय, चारचौघांत बोलतेय, सगळे ऐकताहेत. लहानपणी दुकानदाराला दूध मागायला लाजायची हो ती. मी घडवली तिला. पहाटे पाचला उठवून, मोरकी हातात देऊन, शेणात पाय बुडवून मी घडवली. आणि काल त्याच टेबलामागून तिनं मला तोंडघशी पाडलं.

सांगतो. तुम्हाला गट कसे पाडतात माहीत नसेल. कालवडी वयाप्रमाणं उभ्या करतात. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या एका गटात, मार्च-एप्रिलच्या दुसऱ्या. आता जुनिपर जन्मली सव्वीस फेब्रुवारीला. म्हणजे झालं काय, तर तिच्या गटात सगळ्या तिच्याहून थोराड, ही सगळ्यांत लहान, शेवटी उभी. आणि हीच जर चार दिवस उशिरा जन्मली असती तर पुढच्या गटात सगळ्यांत मोठी, सगळ्यांत भरलेली. चार दिवस! त्या चार दिवसांत गाईनं जरा दम धरला असता तर काय बिघडलं असतं? मग मी — म्हणजे नोंदीचा कागद मीच भरतो ना घरात — मी लिहिलं दोन मार्च. झालं. कुणाचं काय नेलं मी? अहो, ह्या सगळ्या गोठ्यात फिरून बघा, दोन मार्चला जन्मलेल्या कालवडी किती आहेत ते. सगळ्या देशातल्या गाई जणू ठरवून थांबलेल्या असतात.

पण जन्मताना हिला ब्रिननंच ओढून काढलेली. त्या दिवशी मी गावात दातांच्या डॉक्टरकडं, ब्रिन कॉलेजातून आलेली, एकटीनं वासराचे पाय धरून काढली, आणि खिशातल्या वहीत लिहून ठेवलं, तारीख, वेळ, वजन. ती तारीख कशी विसरेल ती?

हो, माहीत होतं तिला. एप्रिलपासून. पण मला सांगा, घरातलं भांडण घरात मिटवायचं असतं ना? बापाला बाजूला घ्यायचं, चार शब्द सुनवायचे, मी काय कानावर हात ठेवणारा माणूस आहे? तर नाही. काल सकाळी, बैठकीत. सहाशे लोक. मी मागं भिंतीशी, हातात कॉफी. पहिली तक्रार निघाली ती स्टुकींच्या टिलीविरुद्ध. बारा वर्षांची पोर. तिची कालवड नोंदीत एक मार्चची, आणि तिच्या आजीनं — ही गंमत बघा — आजीनं वासराचा फोटो फोनवर टाकलेला, कौतुकानं, ‘आमच्या घरची नवी पाहुणी’ म्हणून, आणि फोटोवर तारीख चोवीस फेब्रुवारी! बापानं कागद भरायचा आणि आजीनं जगाला सांगायचं. कुणीतरी तो फोटो छापून मंडळाकडं पाठवला. निनावी. ब्रिननं तो दाखवला, तारीख वाचली, नियम वाचला, मत घेतलं, कालवड बाद. टिली तिथंच रडायला लागली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम म्हणजे नियम.

आणि मग ब्रिन बसली नाही. मला वाटलं पुढचा विषय घेतेय. म्हणाली, ‘अजून एक आहे. जुनिपर ह्रुस्का. नोंद दोन मार्चची, जन्म सव्वीस फेब्रुवारीचा. मी स्वतः तिथं होते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. आत्ता टिलीला जे लागू केलं तेच मला करा.’ बस्स. एवढंच. माझं नाव नाही घेतलं. घ्यायची गरजच काय? सहाशे माणसांनी मान वळवली आणि भिंतीकडं बघितलं. कुणी हसलंही नाही — शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. स्टुकीचा बाप माझ्या शेजारीच उभा होता. तो नुसता हातातल्या कॉफीकडं बघत राहिला. माझ्या हो, माझ्या कॉफीकडं.

पाठीत सुरा म्हणतात तो असाच असतो. आणि कुणाकडून? मी म्हटलं तिला नंतर, इथंच, ह्या पेंढ्यात उभा राहून, ‘अगं, मला आधी सांगायचंस!’ तर म्हणते कशी, ‘तीनदा सांगितलं, बाबा.’ — आता तीनदा म्हणजे... एप्रिलमध्ये म्हणाली होती खरी. स्वयंपाकघरात. ‘नोंद दुरुस्त करू या.’ मी म्हटलं बघू. मग मेमध्ये, कुंपण ओढताना. मी म्हटलं, अगं, एवढं काय. आणि इथं येताना गाडीत. तीन तासांचा रस्ता. म्हणाली, ‘बाबा, अजून वेळ आहे, फेब्रुवारीच्या गटात उतरवू या, हरलो तर हरलो.’ मी रेडिओ मोठा केला. मक्याचे भाव लागले होते. तर ते काही बोलणं झालं का? बोलणं म्हणजे समोरासमोर बसून —

बरं. सांगितलं तिनं. पण टिलीची तक्रार आली नसती तर ती उठली असती का? नसती उठली! त्या तक्रारीनं सगळं केलं. कुणाला काय गरज होती त्या म्हातारीचा फोटो शोधून काढायची, छापायची, पाकिटात घालायची —

असं काय बघता?

— मीच. मीच पाठवला. आता तुम्हाला काय लपवू, परत थोडेच भेटणार आहात. अहो, त्या टिलीची कालवड पाहिली नाहीत तुम्ही! पाठ अशी सरळ, चालताना पाऊल असं पडतं... त्या गटात आमच्यापुढं टिकणारी तीच एक होती. मला वाटलं काटा निघेल. मला काय माहीत माझी पोर त्याच पट्टीनं मला मोजेल? दुसरं कुणी गप्प बसलं असतं. लोक बसतात गप्प. आख्खं आयुष्य बसतात. ब्रिनला ठाऊक नाही पाकीट कुणाचं ते. किंवा असेल. तिच्या तोंडावरून हल्ली काही कळत नाही.

हा शर्ट? तो माझाच. लोआननं, माझ्या बायकोनं, इस्त्री करून टांगलाय. संध्याकाळी समारोप आहे. एकवीस पूर्ण झालेली पोरं आज मंडळातून बाहेर पडतात. त्याची एक रीत आहे — पोरगं किंवा पोरगी आईबापांना घेऊन रिंगणाच्या मधोमध येतं, दोन मिनिटं बोलतं, आपल्या पहिल्या कालवडीबद्दल, आणि मग अंगातलं हिरवं जाकीट काढून आईबापांच्या हातात देतं. मोठमोठे गडी रडतात हो तिथं. मी बारा वर्षं वाट बघितली ह्या दिवसाची. लोआन आत्तापासून पहिल्या रांगेत बसलीय, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून, माझ्यासाठी. आणि मी सांगितलंय, येणार नाही. जिनं मला सहाशे लोकांपुढं उघडं पाडलं तिचं जाकीट धरायला मी जायचं? जाऊ? तुम्ही गेला असता? — मान काय हलवता, तुम्हाला मुलगी आहे का? मग झालं.

ती सकाळी आली होती. मी इथं शेण काढत होतो, ती समोर उभी राहिली, कागद काढला आणि भाषण वाचायला लागली. मी फावडं चालू ठेवलं. कालचा एक शब्द नाही त्यात. सगळं बिस्किटबद्दल. बिस्किट तिची पहिली कालवड. नऊ वर्षांची होती ब्रिन. ‘मी शाळेच्या बसमधून उतरले आणि बाबा गोठ्यातून हाक मारत होते, ये लवकर, आत्ता जन्मलीय! बिस्किट ओली होती, थरथरत होती. मी माझ्या मफलरनं तिला कोरडी केली. आणि ती लगेच उठून पळायला लागली. त्या दिवशी मला कळलं की मला आयुष्यात काय करायचंय.’ असं लिहिलंय. आणि पुढं — ‘जिंकण्याआधी खरं वागायचं, हे मला बाबांनी शिकवलं.’ हे तिनं वाचलं, माझ्याकडं बघत, कालच्या नंतर, आणि टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला कळला असता. मी तिला ओळखतो. मनापासून वाचलं तिनं.

लगेच उठून पळायला लागली! अहो, पळेल नाही तर काय — चार दिवसांची होती ती.

...

आता बोललोच आहे तर ऐका. बिस्किट सव्वीसलाच जन्मली होती. तीही. ह्या गाईंना ती तारीख फार आवडते. मी तिला मागच्या शेडमध्ये ठेवली, गाईसकट, चार दिवस. कारण नऊ वर्षांची पोर, शाळेत सांगणार, आजीला सांगणार, वहीत चित्र काढून तारीख घालणार. तिच्या डोळ्यांनीच दोन मार्च बघायला हवा होता. म्हणून त्या दिवशी बसची वेळ झाली तशी मी बादलीभर कोमट पाणी घेतलं आणि वासरावर ओतलं. नेब्रास्कातला मार्च, बाहेर अजून बर्फ. थरथरलं बिचारं. मग मी दारात जाऊन हाक मारली.

काय धावली हो ती! दप्तर बर्फात टाकलं. मफलर काढला, आजीनं विणलेला लाल, आणि पुसतेय, पुसतेय, आणि वासराच्या कानात काहीतरी बोलतेय. मी उभा होतो रिकामी बादली घेऊन. त्या वर्षी विजेत्याचा जांभळा पट्टा मिळाला तिला, आयुष्यातला पहिला. दुकानदाराला घाबरणारी पोर रिंगणात ताठ उभी राहिली. तिथून पुढचं सगळं, हे अध्यक्षपण, हा माइक, हे खरं बोलणं — सगळं त्या दिवसापासून. तुम्ही म्हणाल, आता शंभर वासरं काढलीत तिनं, नुकतं जन्मलेलं वासरू असं लगेच पळत नाही हे तिला कळत नाही? कळतं. दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली तर पहिल्या वाक्याला पकडेल ती. पण ह्या गोष्टीत बाप आहे ना. तिथं तिनं कधी तपासलंच नाही.

आणि आज ती हे सहाशे लोकांपुढं सांगणार. ब्रीडर बसलेत तिथं, म्हातारे, आयुष्य गोठ्यात गेलेले. आणि कालच्या नंतर ते एकमेकांकडं बघणार. आणि मी मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून, हात पुढं करून उभा. काल तिनं मला उघडं पाडलं म्हणून मी जात नाही असं नाही हो ते... राग आहे, आहेच राग! पण —

अगं, तू? कधी आलीस? नाही नाही, कोण नाहीत हे, असेच बघायला आलेत, जुनिपरचं कौतुक करत होते. — पंख्याच्या आवाजात पावलंच ऐकू आली नाहीत. — हो, माहीत आहे वेळ झाली. आईला म्हणावं पर्स राहू दे खुर्चीवर. शर्ट घालतो. घालतो म्हटलं ना. कसं बटण लावायचं ते येतं मला. तू जा पुढं.

— थांब.

ब्रिन. थांब जरा. तो भाषणाचा कागद आण बघू इकडं. बस इथं, माझ्या शेजारी, पेंढ्यावर. अगं बस, जाकिटाला लागलं तर लागू दे. बिस्किटबद्दल आहे. त्या दिवशी तू बसमधून उतरलीस ना... नाही, हसू नकोस, आधी ऐक.

पाहुणे, तुम्ही निघा आता. ते डावीकडचं दार, बाहेर लिंबू सरबताची गाडी आहे. अहो, उठा म्हणतोय ना. निघा.