तुकडीला एक मोठं माणूस हवं

...नाही, पण तुम्हीच सांगा, हे माझं वय आहे का? त्रेसष्ट पूर्ण! टेलर माणूस मी, चाळीस वर्षं मशीनवर बसून काढली, पाठीला बाक, गुडघे कुरकुरतात, आणि मला म्हणतात, 'काका, ओणवे व्हा, तंबूची मेख ठोका!' तीन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण म्हणे! कुणाचं नेतृत्व करणार मी? दुकानातला कारागीरसुद्धा माझं ऐकत नाही!

आता तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला? अहो, आमच्या हिच्यापायी! एकोणीस वर्षं त्या शिबिरं-भटकंतीवाल्या संघटनेची मुलांची तुकडी चालवायची ही, दर रविवारी पोरंटोरं घेऊन डोंगरात, आणि मी दारातून ओरडायचो, 'घर आहे की धर्मशाळा?' 'एकदा या ना बरोबर,' म्हणायची. मी म्हणायचो, 'गिऱ्हाईक यायचंय.' एकदाही गेलो नाही हो... मग आजारी पडली आणि दीड महिन्यात गेलीच. आठेक महिन्यांनी संघटनेचा फोन, 'काका, तुकडीला प्रशिक्षण घेतलेलं मोठं माणूस नाही, बंद करावी लागेल.' मी म्हटलं, करा! फोन आपटला. पाच मिनिटांनी मीच परत लावला, 'त्या प्रशिक्षणाचा फॉर्म कुठे मिळतो?'

आणि शिकवायला कोण, तर चोवीस वर्षांची पोर, गळ्यात शिट्टी, हिच्याच तुकडीत वाढलेली! पहिलाच धडा गाठींचा. मनात म्हटलं, वा, जन्म दोऱ्यात गेला आपला! झोकात गाठ मारली. 'ओढा काका.' ओढली... सुटली! शेजारी बँकेतले साहेब, त्यांची घट्ट! टेलरची सुटते आणि बँकवाल्याची बसते! लोक हसले, मीही हसलो, काय करता? हे माझं वय आहे का?

दुसऱ्या दिवशी चढण. सोळा-सतरा वर्षांची तुकडीनायक पोरं-पोरी भराभर वर, बँकवाले साहेबही वर, मी सगळ्यात शेवटी धापा टाकत... आणि माझ्याही मागे ती शिट्टीवाली! म्हटलं, 'बाळा, तू नेता, तू पुढे हो की!' तर म्हणते कशी, 'नाही काका, जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या मागे मोठ्या माणसानं राहायचं. बाईंनीच शिकवलंय. बाई कायम शेवटी असायच्या.'

तुम्हाला सांगतो, मी मटकन दगडावर बसलो. अहो, बत्तीस वर्षं रस्त्यानं ही माझ्या मागे चालायची! मी तरातरा पुढे आणि वळून वळून, 'पाय उचल की गं, गोगलगाय!' मला वाटायचं, हिला चालवत नाही... डोंगर चढणाऱ्या बाईला! म्हणजे ती मागून माझ्यावर लक्ष... की खरंच दमायची? आता विचारू कुणाला?

ती पोर शेजारी बसली. पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाली, 'बाई तुमच्याबद्दल सांगायच्या.' म्हटलं, 'काय? ओरडतो म्हणून?' 'नाही. पावसात सगळ्यांचे तंबू गळायचे, आमचा नाही. तेव्हा म्हणायच्या, शिवण आमच्या ह्यांची आहे.' आणि तो तंबू मी कसा शिवला होता, ठाऊक आहे? दोन दिवस तिला बोल लावत, कुरकुर करत...! नंतर शिट्टीवाली काय शिकवत होती, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

पास केलं मला, गाठींत कसाबसा. गेल्या रविवारी पहिल्यांदा तुकडी घेऊन निघालो. अकरा पोरं. मी शेवटी, हे वेगळं सांगायला नको! तेवढ्यात पुढून एक चिमुरडी ओरडते, 'बाई, पाणी पिऊ?' तीच जीभ चावून रडवेली झाली. मी म्हटलं, 'अगं, सर म्हण, काका म्हण...' मान डोलावली तिनं. दहा पावलांवर दुसरा, 'बाई, बुटाची नाडी सुटली!' पुन्हा तिसरी, 'बाई...' सवय आहे हो पोरांची, त्यांचा काय दोष?

चौथ्यांदा हाक आली, तेव्हा मी आपली मुकाट्यानं ओ दिली.