हात धजेना

(रुग्णालयाचा मागचा जिना. चौकशी समिती जेवायला उठली आहे.)

वहिनी : खाली काय बघताय? माझ्याकडे बघा. मी आत काय म्हणाले होते?

दीर : वहिनी, हळू बोला ना. वरच बसलेत सगळे जेवायला.

वहिनी : बसू देत. ऐकू गेलं तरी त्यांना आपली भाषा कुठे कळतेय! म्हणून तर तुम्हाला दुभाषी म्हणून बसवलंय. सांगा, काय म्हणाले मी?

दीर : इंजेक्शन द्यायला हात धजेना, असं म्हणालात.

वहिनी : आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत?

दीर : शी हेजिटेटेड.

वहिनी : म्हणजे?

दीर : म्हणजे... कचरली. जरा थांबली.

वहिनी : जरा थांबली! पोरगी तडफडतेय आणि नर्सबाई आपल्या विचार करत उभ्या! तरीच त्या चष्मेवाल्या बाईंनी लगेच विचारलं, किती वेळ वाया गेला म्हणून. मला कळेचना, हा प्रश्न आला कुठून.

दीर : पण धजेना म्हणजे तेच होतं हो. कुठल्याही डिक्शनरीत बघा.

वहिनी : चुलीत घाला ती डिक्शनरी! एवढीशी सात वर्षांची पोर, आणि डॉक्टर फोनवर सांगतायत तो डोस मोठ्या माणसाचा. मी म्हटलं, सर, एकदा बघता का? तर म्हणे, सांगितलंय तेवढं कर. मी सिरिंज भरलीच नाही. पुन्हा फोन केला, परत केला. शेवटी तणतणत आले, स्वतः भरली, स्वतः टोचली. आणि पोर गेली. याला कचरणं म्हणतात?

दीर : हे सगळं तुम्ही आत बोललातच नाही.

वहिनी : बोलू दिलं का रुग्णालयाच्या त्या वकिलानं? विचारलं तेवढंच सांगा, म्हणे. डॉक्टर तर सकाळीच सांगून बसलेत, औषध वेळेवर मिळालं असतं तर मुलगी वाचली असती. त्यावर तुमचं ते हेजिटेटेड. कसं बरोब्बर बसलं बघा! झाकणासारखं.

दीर : माझ्या डोक्यात तसं काही नव्हतं.

वहिनी : एमएला होतात तेव्हा मला धड इस्त्री करू द्यायचा नाहीत. मागे मागे फिरून एकेका शब्दातला फरक सांगायचात. मनाला टोचतं, त्यालाच पाच-सहा शब्द होते तुमच्याकडे. आज सगळे आटले?

दीर : ते परीक्षेपुरतं असतं, वहिनी.

वहिनी : मग द्या परीक्षा. पुढे काहीतरी वाईट होणार असं आतून वाटतं, त्याला काय म्हणायचात?

दीर : मिसगिव्हिंग.

वहिनी : मग ते का नाही म्हणालात?

दीर : ती नुसती शंका झाली. ते म्हणाले असते, डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?

वहिनी : आणखी एक होता. क्वाम का काय तो.

दीर : तो फारच हलका. पोटात ढवळल्यासारखं होतं, आणि जातं. बहुतेक वेळा माणूस ते काम करूनच टाकतो.

वहिनी : मी केलं नाही.

दीर : नाही केलंत.

वहिनी : हे चूक आहे, माझ्या हातून होणार नाही, मग नोकरीवरून काढा नाहीतर काहीही करा. याला आहे का काही इंग्रजीत?

दीर : आहे. स्क्रूपल.

वहिनी : मघाशी माहीत होता?

दीर : वहिनी...

वहिनी : माझ्या शेजारी उभे होतात तेव्हा माहीत होता की नाही?

दीर : ओठांवर आला होता.

वहिनी : मग गिळलात कशाला!

दीर : तो शब्द वापरला की समोरचा आपोआप उघडा पडतो. नर्सला बऱ्यावाईटाची चाड होती, डॉक्टरला नव्हती, असा अर्थ होतो. आणि डॉक्टर समोरच बसले होते. माझं नाव त्यांनीच सुचवलं ना. काल बोलावून म्हणाले, सांभाळून घ्या. मला वाटलं, मधला शब्द घ्यावा. कुणालाच लागणार नाही.

वहिनी : आणि मी वेडी खूश होते! घरचं माणूस आहे, माझं म्हणणं नीट पोचवेल. आपलं नातं तरी सांगितलंय का समितीला?

दीर : नाही. डॉक्टरच म्हणाले, नका सांगू.

वहिनी : शाब्बास! अहो, मधे उभं राहून तुम्ही मलाच ढकललंत. परक्यानं केलं असतं तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते. तुमचं काय करू मी?

दीर : मी... मी आत जाऊन सांगतो. भाषांतर चुकलं म्हणून.

वहिनी : चुकलं नाही, चुकवलं. तसंच सांगायचं. नात्याचंही सांगायचं.

दीर : मग मला दुभाषी म्हणून ठेवणार नाहीत. इथल्या ऑफिसातली नोकरीही राहायची नाही.

वहिनी : नसेल राहत. माझी तरी कुठे राहतेय?

दीर : हाक मारतायत वाटतं. चला. चष्मेवाल्या बाईंनाच आधी सांगतो.

वहिनी : त्यांना नंतर. मुलीची आई मागच्या रांगेत बसलीय सकाळपासून. तिलाही इंग्रजी येत नाही. आधी तिच्याजवळ जा आणि आपल्या भाषेत सांगा.

दीर : काय सांगू?

वहिनी : तिच्या पोरीसाठी त्या दिवशी कुणीतरी नाही म्हणालं होतं.